दिव्यांगांच्या 'पगारा'कडे बघायची गावाची नजर का बदलली? मोजमापासह उत्तर हवंय

माळरान

संजय गांधी निराधार योजनेचे (निराधार, दिव्यांगांना मिळणारे महिन्याचे) पैसे म्हणजे गावाकडच्या बोलीत 'पगार'. "अमक्याला पगार सुरू झाला" हे पूर्वी समाधानाने सांगितलं जायचं. हल्ली ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचायला घेतली की मागून आवाज येतो, "हा कसला अपंग? स्प्लेंडरवर फिरतो." "तिची पोरगी तर कॉलेजला जाते, चांगली बोलते-चालते." "आमच्या टॅक्समधून चाललंय सगळं." हे शेवटचं म्हणणारा बहुधा घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीतही असतो, पण ते असो.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, आणि त्याच पावसाळ्यात एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून दिव्यांग म्हटलं की "सर्टिफिकेट खरं का?" हा प्रश्न आधी येतो.

जाणकारांना विचारायचंय: लाभासाठी लागणारे दिव्यांगत्वाचे ४० टक्के ठरतात कसे? खोटेपणा नेमका कुठे शिरू शकतो? आणि पेन्शनच्या यादीत तो असण्याची शक्यता कितपत? "माणुसकी म्हणून" वगैरे उत्तर नको. ते ऐकून मागची रांग हसते.

---

ऑडिओग्राम

स्प्लेंडरपासून सुरू करतो. पोलिओने एक पाय बारीक झालेला माणूस मोटारसायकल चालवू शकतो. त्याने टक्केवारी कमी होत नाही, कारण गाडी येते का, पोहता येतं का, हे प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय बोर्ड विचारतच नाही. अस्थिव्यंगात कोणता सांधा किती अंश वळतो, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये किती, पाय किती सेंटिमीटर आखूड, तोल कसा, यांची बेरीज होते.

ही बेरीजही साधी नसते. ४० टक्के आणि ३० टक्के अशी दोन व्यंगं असली तर ७० होत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा + लहान आकडा × (९० − मोठा आकडा) ÷ ९०. म्हणजे ४० + ३० × ५० ÷ ९० = ५६.६७, म्हणजे ५७. "दोन दोन रोग दाखवून टक्के वाढवले" म्हणणाऱ्याला हे कागदावर करून दाखवा.

आता डोळे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चष्म्यासह ६/६ असेल तर ३० टक्के. पेन्शन नाही, आरक्षण नाही. गावाच्या नजरेत हा माणूस पक्का अपंग, कायद्याच्या नाही. उलट सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे आजार २०१६ पासून यादीत आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. दुखण्याच्या दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत असा पोरगा बाकीच्या पोरांत ओळखूही येणार नाही. तुम्ही विचारलेल्या बदलाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. कायद्याने दिसण्यावरून ठरवणं सोडलं, गावाने सोडलेलं नाही.

कॉलेजला जाणाऱ्या पोरीबद्दल एक बारीक गोष्ट. दृष्टी मोजतात चष्मा लावून, ऐकणं मोजतात मशीन काढून. त्यामुळे श्रवणयंत्र लावून ती व्यवस्थित गप्पा मारत असेल तरी प्रमाणपत्रावर ६० टक्के असू शकतात आणि ते बरोबर असतात. मशीनची बॅटरी संपली की काय होतं ते मागच्या रांगेला दिसत नाही.

खोटेपणा शिरतो तो जिथे तपासणी समोरच्याच्या उत्तरावर चालते तिथे. ऑडिओमेट्रीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. ऐकू येऊनही दाबलं नाही तर यंत्राला काय कळणार? अनुभवी ऑडिओलॉजिस्ट थोड्या वेळाने तीच पातळी पुन्हा तपासतो. खोटं बोलणाऱ्याचे दोन आलेख सहसा जुळत नाहीत. तरी शंका असली तर बेरा. डोक्याला इलेक्ट्रोड लावून, कानात क्लिक सोडून मेंदूच्या देठातला प्रतिसाद नोंदवतात, त्यात रुग्णाला काही सांगावंच लागत नाही. मात्र क्लिकची बेरा मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा बघते, म्हणून एकट्या बेरावरही टक्के देत नाहीत. दोन्ही निकाल एकमेकांशी बसावे लागतात. बेराचं यंत्र नाही, किंवा आहे पण चालवणारा नाही, अशा ठिकाणी फट राहते.

दुसरी फट जुन्या हस्तलिखित प्रमाणपत्रांची. त्यावरचा क्रमांक कुठल्याच संगणकात सापडत नाही. आता सगळं स्वावलंबन पोर्टलवरच्या युडीआयडीतून, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रातून होतं. कार्डाचा रंग बघायला शिका: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्या कार्डावर पेन्शन मिळत नाही. "कार्ड निघालं म्हणजे पगार सुरू" हा समज दोन्ही बाजूंना आहे, अर्ज करणाऱ्यांनाही आणि बोट दाखवणाऱ्यांनाही.

---

संगायो टेबल

वरचं सगळं वैद्यकीय झालं. पेन्शनच्या फायलीत खोटं बहुतेक वेळा वेगळ्याच कागदात असतं.

अटी अशा: किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षं वास्तव्य, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत. (विधवा, परित्यक्ता वगैरे इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० आहे.) रक्कम २०१९ पासून १,०००, जुलै २०२३ पासून १,५०० आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००.

आता ५०,००० ला ३६५ ने भागा. रोजचे १३७ रुपये येतात, तेही एकट्याचे नव्हे, घरातल्या सगळ्यांचे मिळून. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये. म्हणजे घरातला एकटा भाऊ १६१ दिवस रोहयोच्या कामावर गेला तरी कुटुंब मर्यादेबाहेर. उत्पन्नाच्या दाखल्यांवर आकडा ४५ ते ४८ हजारांत का घोटाळतो हे यावरून कळेल. मर्यादाच अशी की खरं लिहिलं तर अंथरुणाला खिळलेला माणूसही बाद होतो. मग गाव म्हणतं, "घर तर पक्कं आहे, दाखला खोटा." दाखला खोटा असेलही. पाय खोटा नसतो.

"दोन्हीकडून खातात" हा दुसरा आरोप. लाडकी बहीणची अट आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाभ नाही. निराधारच्या बायका त्यातून वगळल्याही गेल्या. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनही वेगळं हातात पडत नाही. ८० टक्क्यांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी केंद्राचे ३०० येतात, उरलेली भर राज्य घालतं आणि एकूण रक्कम तेवढीच राहते. हे ३०० सन २०१२ पासून ३०० च आहेत.

नजर बदलायला लाडकी बहीण कारणीभूत ठरली असं मलाही वाटतं, पण दोन्ही अंगांनी. तिकडे अडीच लाखांची मर्यादा, इकडे पन्नास हजारांची, आणि जुलै २०२४ ते सप्टेंबर २०२५ दोघांना हातात तेच १,५००. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तशाच इतर योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त द्यायला हवं. निराधारमधल्याच विधवेला १,५०० तर दिव्यांगाला १,८७५ व्हायला हवे होते. ते कुणी दिले नाहीत, आणि ग्रामसभेतही कुणी मागितले नाहीत. त्याच काळात लोकांच्या बोलण्यात सगळ्या योजना एका टोपलीत गेल्या. निवडणुकीआधीची योजना आणि १९८० पासून चालत आलेली निराधार, दोघींनाही 'रेवडी'. पुढे अपात्र लाडक्या बहिणींची नावं कमी व्हायला लागली, त्यात पुरुषांची नावं सापडल्याच्या बातम्या आल्या, आणि संशय टोपलीतल्या सगळ्यांवर पसरला.

आणखी एक, कारण हे कुणी बोलत नाही. यादीत घुसलेल्यांपेक्षा यादीत असायला हवेत आणि बाहेर पडलेत अशांची कामं तहसीलच्या टेबलावर जास्त येतात. नेहमीची कारणं सांगतो.

पैसे आता डीबीटीने (थेट खात्यात) येतात, म्हणजे ज्या खात्याला आधार शेवटचं सीड झालं, जोडलं गेलं, तिथे जातात. पासबुक एका बँकेचं दिलंय आणि मधे कुणीतरी दुसरीकडे खातं उघडताना अंगठा घेतला, तर पैसे त्या दुसऱ्या खात्यात. माणूस म्हणतो पगार बंद झाला, पोर्टल म्हणतं पैसे गेले. बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारू नका, "एनपीसीआय मॅपिंग कोणत्या बँकेला आहे" असं विचारा. मॅपिंग म्हणजे आधारवर येणारे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्याची नोंद. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या प्रश्नाला काउंटरवरून नेहमी "हो" येतं.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचे आणि बोटं गेलेल्यांचे ठसे उमटत नाहीत. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा मार्ग आहे, पण केंद्रचालक तीनदा अंगठा दाबून घेऊन परत पाठवतो.

तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली की लाभ थांबतो, आणि मुदत कधी संपते ते छोट्या अक्षरात असतं. नूतनीकरणाचा अर्ज तीन महिने आधी टाका, कारण २०२४ च्या सुधारित नियमांनी वैद्यकीय प्राधिकरणाला एका महिन्याऐवजी तीन महिने दिलेत.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा. अंथरुणावरच्या माणसाचा राहून जातो, आणि कागदावर तो मेलेला ठरतो.

वाढीव २,५०० चंही असंच. पोर्टलवर नोंद 'दिव्यांग' आणि युडीआयडी क्रमांकासह हवी. दिव्यांग असलेली बाई पूर्वी विधवा म्हणून मंजूर झाली असेल तर ती १,५०० वरच राहते. आधी प्रवर्ग बदलून घ्या.

---

शंकासुर

आकडे मान्य. पण धाग्याचा सूर "फसवणूक होतच नाही" असा लागायला नको. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत विशेष संवर्ग भाग १ (दिव्यांग वगैरेंचा अग्रक्रमाचा गट) मध्ये नाव आलं की सोयीची शाळा मिळते. नोकरीत ४ टक्के आरक्षण. व्यवसाय कर माफ. वाहतूक भत्ता दुप्पट. जुन्या करपद्धतीत दिव्यांगांना उत्पन्नातून ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,०००. एवढं पदरात पडत असेल तर कान बंद करून बसणारे निघणारच. २०२५ मध्ये राज्याने दिव्यांग कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पुन्हा तपासायला काढली ती उगाच नव्हे. ज्याची जागा अशा खोट्या कागदाने जाते तो खरा दिव्यांग असतो, हेही बोला की.

---

ऑडिओग्राम

बोलायलाच हवं. तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीची किंमत लावा: नोकरी, बदली, भत्ता, करवजावट. हे सगळं पगारदारांचं आहे. खोटं प्रमाणपत्र काढण्याचा खर्च आणि धोका ज्याला परवडतो तो महिना २,५०० साठी तहसीलच्या पायऱ्या चढत नाही. ग्रामसभेतला राग मात्र नेमका २,५०० वाल्यावर निघतो, कारण त्याचं नाव जाहीर वाचलं जातं. बदलीची यादी चावडीवर कोण वाचतं?

नाव घेऊन तक्रार करायची असेल तर रीतसर करा. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी अर्ज ज्या रुग्णालयाने प्रमाणपत्र दिलं तिथल्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला, कर्मचारी असेल तर त्याच्या कार्यालयप्रमुखाला. अर्जात "तो चालतो" असं लिहू नका. "प्रमाणपत्र अमुक प्रकाराचं आहे, फेरतपासणी वस्तुनिष्ठ चाचणीने व्हावी" असं लिहा. कानाचं असेल तर बेरा, डोळ्यांचं असेल तर पडद्याची तपासणी आणि व्हीईपी (डोळ्यांकडून मेंदूत पोचणारा प्रतिसाद नोंदवणारी चाचणी). नुसता "फेरतपासणी करा" म्हटलं की पुन्हा तीच बटण दाबायची चाचणी होते आणि तोच आकडा येतो.

सरसकट फेरतपासणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पोलिओचा पाय परत वाढत नाही, कापलेला हात उगवत नाही. त्यांना पुन्हा रांगेत उभं करण्यात बोर्डाचा दिवस जातो. मग जे संशयास्पद श्रवणदोषवाले बघायला हवेत त्यांच्यासाठी घाई होते. आधी प्रकार निवडा, मग माणसं बोलवा.

---

टेम्सकाठ

इंग्लंडमधून थोडी भर. इथे हा लंबक बराच आधी हलला. इथल्या सामाजिक पाहणीत दरवर्षी विचारतात की गरिबांच्या भत्त्यांवर सरकारने जास्त खर्च करावा का, त्यासाठी कर वाढले तरी. १९८९ मध्ये ६० टक्क्यांच्या आसपास लोक "हो" म्हणत. २००९ पर्यंत ते ३० टक्क्यांच्याही खाली आले. पुढे २०१० नंतर कपात सुरू झाली, शेजारच्या घरात ती दिसू लागली, आणि काही वर्षांनी मत पुन्हा मऊ झालं.

तुमच्याकडच्या ५० हजारांसारखी उत्पन्नाची अट इथल्या दिव्यांग भत्त्याला, म्हणजे २०१३ पासूनच्या पीआयपीला, नाही. नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. आणि मोजमाप उलट्या टोकाचं आहे. सांधा किती अंश वळतो हे कुणी बघत नाही. जेवण बनवणं, आंघोळ, कपडे, बोलणं अशी १० दैनंदिन कामं आणि हालचालीच्या २ बाबी, प्रत्येकाला गुण. ८ गुणांना साधा दर, १२ ना वाढीव. त्यामुळे "स्प्लेंडर चालवतो" सारखी टीका इथे जास्त चिकटते, कारण पद्धतच "काय करता येतं" यावर उभी आहे. २०२५ मध्ये सरकारने अट आणायचं ठरवलं की दैनंदिन कामांपैकी किमान एकात तरी ४ गुण हवेत. जुलैत सत्ताधारी मजूर पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं तेव्हा ती मागे घेतली. तुमचे टक्के आणि आमचे गुण, दोन्हींत न दिसणारं दुखणं मोजताना सगळे चाचपडतात.

---

माळरान

चष्मा लावून आणि मशीन काढून, हे एकच वाक्य पुढच्या सभेला पुरेल. १३७ रुपयेही फळ्यावर लिहितो.

दोन गोष्टी राहिल्या. यादी वाचताना प्रमाणपत्रावरचा आजार वाचायचा का? लोक मागतात. आणि ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीवरूनही हेच ऐकू येतं, "मार्च आला, वाटा फुकट."

---

संगायो टेबल

आजार वाचू नका. नाव, योजना, मंजुरीचं वर्ष एवढं पुरे. मानसिक आजार किंवा एखाद्या मुलीचं बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र माइकवर गेलं की ते गावभर फिरतं. कुणी यादीतल्या माणसाला चारचौघांत 'नकली लंगडा' वगैरे बोललाच तर त्याच कायद्याचं कलम ९२ सांगा. दिव्यांगाचा सार्वजनिक ठिकाणी जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. एकदा इतिवृत्तात हे कलम नोंदवलं की मागची रांग जपून बोलते.

५ टक्क्यांबद्दल लोकांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. हा निधी पंचायतीच्या स्वउत्पन्नातून काढायचा असतो, वित्त आयोगाच्या पैशातून नव्हे. समजा स्वउत्पन्न ६ लाख, तर ३०,००० होतात. दिव्यांग ४० असतील तर समान वाटून प्रत्येकी ७५०. मार्चच्या शेवटी एवढेच हातात पडतात, कुणाचं काही सुधारत नाही आणि गावाला ते वाटप दिसतं. शिवाय वसुली कमी झाली की निधीही आटतो, हे घरपट्टी थकवणाऱ्या त्या तुमच्या गृहस्थांना जरूर सांगा.

एप्रिलमध्येच ग्रामसभेत गरजांची यादी करा. एकाला श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, एकाला जयपूर फूटची दुरुस्ती, एकीला शौचालयात आधाराची दांडी. ही दांडी हजार-दोन हजारांत बसते आणि माणूस रोज वापरतो. तीनचाकी सायकल मात्र या निधीतून घेऊ नका, ती केंद्राच्या अ‍ॅडिप (दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या) योजनेच्या शिबिरातून मोफत मिळते. वैयक्तिक मागण्या भागून उरलं तर शाळेचा नाहीतर दवाखान्याचा रॅम्प. उतार १ ला १२ ठेवायचा, म्हणजे पायरी ३० सेंटिमीटरची असेल तर रॅम्प ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब. गवंडी जागा वाचवायला दीड मीटरात उरकतो, मग त्यावरून व्हीलचेअर चढत नाही आणि तिथे सायकली लागतात. मोजमाप पुस्तिकेत लांबी लिहून घ्या, नुसतं 'रॅम्प १ नग' लिहिलेलं बिल सोडू नका.